ठाण्याच्या पावसात उतरणारा तबला
एकाने विचारलंय की पावसाळ्यात गठ्ठे (तबल्याच्या बाजूला पट्ट्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे) ठोकूनही तबला सुरात का राहत नाही. ठाण्याच्या दमट हवेत चामडं ओलावा धरून सैल पडतं, म्हणून सूर उतरतो. एकच गठ्ठा ठोकत राहू नका. पुडीचा, म्हणजे वरच्या चामड्याचा, ताण विषम होतो. आठही गठ्ठे थोडे थोडे खाली घ्या. मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) वरून हलक्या हाताने हातोडी मारा: एक घर (गजऱ्यावरचा पट्ट्यांमधला भाग), लगेच समोरचं घर, असं सोळाही घरांत चाटेवर (पुडीची कडेची पट्टी) 'ना' हा बोल वाजवून ऐका. चढलेला सूर गजऱ्याला खालून ठोकून उतरतो. वातानुकूलित सभागृहात उलट होतं, चामडं सुकून सूर चढतो. म्हणून तबला अर्धा तास आधी मंचावर ठेवा. आणि कृपया हीटरसमोर शेकू नका, शाई (पुडीवरचा काळा गोल) तडकते!