चालू सर्व्हरवर मेसेज कॉलबॅक ठेवावा की काढून टाकावा?

सराफ्याचा_निशाचर, इंदूर
गेल्या शनिवारी दवा बाजारातल्या एका होलसेलरचं बिलिंग बसलं. आम्ही सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचा ओळखीचा दाखला, बदललं होतं, बाकी कशालाही हात लावला नव्हता. ब्राउझरमध्ये पान सुखाने उघडत होतं, पण दुकानातलं ॲप हँडशेकमधूनच, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखपाळखीतूनच, माघारी फिरायचं. वायरशार्क, म्हणजे तारेवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावून पाहिलं. टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) १.३ असल्यामुळे सर्व्हर हॅलोनंतर, म्हणजे सर्व्हरच्या पहिल्या उत्तरानंतर, सगळा कारभार पडद्याआड! प्रत्येक पाकिटावर एकच शिक्का, २३, म्हणजे ॲप्लिकेशन डेटा. आत अलर्ट (बिघाडाची सूचना) आहे की आणखी काही, ते बाहेरून कळायची सोय नाही.

मग ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीचा मेसेज कॉलबॅक लावला. लायब्ररी प्रोटोकॉलचा मेसेज पाठवते किंवा वाचते, तेव्हा आपल्या फंक्शनला हाक मारते आणि सांगते: गेला की आला, प्रकार कुठला, बफर (मेसेजचे बाइट) कुठे, लांबी किती. पहिल्याच फेरीत ओळ उमटली: आला, प्रकार २१ (अलर्ट), दोन बाइट, ०२ ३०. ०२ म्हणजे फेटल. हेक्समधला ३० म्हणजे ४८, अननोन सीए: सर्टिफिकेट देणारी संस्था अनोळखी. साखळीतलं, म्हणजे आमचा दाखला मूळ संस्थेशी सांधणारं, इंटरमीजिएट सर्टिफिकेट जोडायचंच राहिलं होतं. ब्राउझरने ते आपलं आपण मिळवलं, ॲपला ते जमेना.

माझं मत: हा कॉलबॅक चालू सर्व्हरवर कायम असावा. (भुट्ट्याचा कीस हुकला, ते दुःख वेगळं.)

जुनी_खोड
अहो भिया, कॉलबॅकची गरजच नव्हती. एसएसएल ॲक्सेप्ट (सर्व्हरच्या बाजूने हँडशेक करणारं फंक्शन) फसलं की एरर क्यूमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या चुकांच्या यादीत, 'अलर्ट अननोन सीए' असं चक्क शब्दांत लिहिलेलं असतं. तुमच्या रॅपरने (लायब्ररीभोवती तुम्ही गुंडाळलेल्या कोडने) ते गिळलं आणि लॉगमध्ये 'कनेक्शन फेल' एवढंच थुंकलं, असंच ना? आधी तो रॅपर नीट करा. नळ गळतोय म्हणून कोणी घरभर बादल्या मांडत नाही.

सराफ्याचा_निशाचर
पकडलंत. रॅपर आमचाच, तीन वर्षांपूर्वीचा, आणि लिहिणारा मीच. पण क्यू फक्त शेवटचा घाव सांगते. त्याआधी काय काय आलं-गेलं, ते कॉलबॅकमध्येच दिसतं. कर्लला (कमांडवरून पान मागवायचं साधन) व्हर्बोज, म्हणजे सविस्तर बोलायचा पर्याय, लावल्यावर 'टीएलएस हँडशेक, क्लायंट हॅलो' अशा ओळी येतात ना? ओपनएसएसएलवर बांधलेल्या कर्लमध्ये त्या याच कॉलबॅकमधून येतात. रोज वापरतो आपण.

पोहे_जिलेबी
थांबा जरा. म्हणजे सर्व्हरवाला असा कॉलबॅक लावून लोकांचे पासवर्ड वाचू शकतो? मग एन्क्रिप्शनला अर्थ काय राहिला?

तिखट_शेव
सर्व्हर हे टोकच आहे हो, त्याला सगळं उलगडून मिळतंच. शिवाय या कॉलबॅकला ॲप्लिकेशन डेटातला मजकूर मिळत नाही. हँडशेक, अलर्ट, रेकॉर्डचं हेडर, एवढंच. धोक्याचा तो कीलॉग कॉलबॅक, २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत आलेला. तो सत्राची गुपितंच हातात ठेवतो. त्याची फाइल ज्याच्याकडे, त्याला पकडलेलं सगळं ट्रॅफिक उघडं.

पण मूळ प्रश्नावर मी निशाचरांच्या विरोधात आहे. आमच्याकडे क्लायंटही सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यात माणसाचं नाव, ईमेल असतं. टीएलएस १.३ ने ते तारेवर झाकलं. तुम्ही तेच कॉलबॅकमधून घेऊन साध्या फाइलमध्ये डंप करणार. वर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस सांभाळायचे. म्हणजे सहा महिने ती नावं आमच्या डिस्कवर. ऑडिटरसमोर मी बसते, तुम्ही नाही.

जुनी_खोड
त्यात आणखी एक. कॉलबॅक हँडशेकच्या वाटेतच चालतो. त्यात डिस्कवर लिहायला बसलात की जोडणी तेवढा वेळ ताटकळते. आमच्या एका पोराने हुशारी केली: बफरचा पॉइंटर (नुसता पत्ता) दुसऱ्या थ्रेडकडे दिला, तिथे निवांत छापू म्हणून. कॉलबॅक परतला की तो बफर आपला राहत नाही. दोन दिवस आम्ही लॉगमधला कचरा वाचून 'हल्ला झाला, हल्ला झाला' करत होतो.

सराफ्याचा_निशाचर
बरं, मग असं करतो. डिस्कवर काही नाही. मेमरीत गोल फिरणारी छोटी यादी, दर जोडणीला शेवटचे वीस मेसेज, आणि हँडशेक फसला तरच ती छापायची. नोंदीत दिशा, प्रकार, हँडशेक मेसेजचा क्रमांक आणि लांबी. मजकूर फक्त अलर्टचा, ते दोन बाइट.

तिखट_शेव
लांबी तरी कशाला?

सराफ्याचा_निशाचर
ती द्याच. शनिवारी ४८ पाहून मी आधी ॲपवाल्यांनाच फोन लावला होता, तुमचं सीए स्टोअर (विश्वासातल्या संस्थांची यादी) जुनं आहे म्हणून. ते तिकडे चिडलेले. मग वरच्या ओळीकडे लक्ष गेलं: गेला, हँडशेक ११, म्हणजे आमचं सर्टिफिकेट, आणि लांबी जेमतेम तेराशे बाइट. एरवी साखळीसकट ती अडीच हजारांच्या पुढे असते. चूक आमचीच आहे हे तिथे कळलं. अलर्टने नुसती तक्रार सांगितली होती.

तिखट_शेव
लांबी मान्य. सर्टिफिकेटचा एक बाइटही नको. आणि कोड मर्ज करण्याआधी मला दाखवा.

जुनी_खोड
मी अजून म्हणतो, रॅपर आधी.