‘मसूदे’ म्हणजे मसुदा नव्हे

पृच्छा : मी बेळगावात राहतो आणि विधिमंडळाच्या बातम्या कन्नड व मराठी अशा दोन्ही वृत्तपत्रांतून वाचतो. कन्नड मथळ्यात ‘मसूदे अंगीकार’ असे आले की आमच्या कट्ट्यावर त्याचे मराठी ‘मसुदा स्वीकारला’ असे केले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच ‘कायदा झाला’ होतो. यातले बरोबर कोणते?

उत्तर : दोन्ही चुकीचे आहे, पण चूक समजण्यासारखी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘काळे केलेले’ असा. आपण ‘कागद काळे करणे’ म्हणतो त्याच्या अगदी जवळचा. मराठीत मसुदा अजून तिथेच थांबलेला आहे : खात्यात लिहिला जातो, खोडला जातो, मंत्रिमंडळापुढे जातो तो कच्चा खर्डा म्हणजे मसुदा. कन्नडमध्ये मात्र हाच शब्द सभागृहात शिरला आणि वृत्तपत्री भाषेत ‘मसूदे’ म्हणजे आपले विधेयक झाले. (छापील विधेयकाच्या शीर्षकात कन्नडमध्येही ‘विधेयक’च असते.) त्यामुळे ‘मसूदे अंगीकार’ याचे सरळ मराठी ‘विधेयक संमत’ असे आहे.

तरीही कोणत्या सभागृहात संमत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्नाटकात २२४ सदस्यांची विधानसभा आणि ७५ सदस्यांची विधान परिषद अशी दोन सभागृहे आहेत. विधेयक आधी मांडले जाते, ज्याला कामकाजाच्या मराठीत ‘पुरःस्थापित करणे’ म्हणतात. मग त्यावर चर्चा आणि खंडवार, म्हणजे एकेक कलम घेऊन, विचार होतो. क्वचित ते समितीकडे जाते, आणि शेवटी मत घेतले जाते, बहुधा आवाजी. एवढे झाले तरी विधेयकाने एकच उंबरठा ओलांडलेला असतो. २०२१ चे धर्मस्वातंत्र्यविषयक (धर्मांतरविरोधी) विधेयक आपल्याच सुवर्णसौधात, म्हणजे विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत, डिसेंबरमध्ये विधानसभेने संमत केले, तेव्हा इथल्या अनेकांनी कायदा झाल्याचे धरून चालले. पण ते परिषदेत अडले, मे २०२२ मध्ये सरकारला अध्यादेशाचा (विधिमंडळ भरलेले नसताना राज्यपालांच्या सहीने निघणाऱ्या तात्पुरत्या हुकमाचा) मार्ग धरावा लागला, आणि परिषदेची संमती मिळायला सप्टेंबर उजाडला. या नऊ महिन्यांसाठी मराठीत ‘प्रलंबित’ हा शब्द आहे, ‘बारगळले’ हा नाही. विधेयक बारगळते ते प्रामुख्याने विधानसभा विसर्जित झाल्यावर. नुसते अधिवेशन संपले म्हणून नव्हे.

दुसरे उत्तर : वरील विवेचनाला एक जोड द्यावीशी वाटते. दोन्ही सभागृहांनंतर कन्नड बातमीत ‘राज्यपालर अंकित’ येते आणि मराठी वाचक दचकतो, कारण आपल्याकडे अंकित म्हणजे कुणाच्या तरी मुठीत असलेला. कन्नडमध्ये अंकित म्हणजे नाममुद्रा, सही. हरिदासांच्या, म्हणजे कन्नड वैष्णव संतकवींच्या, पदांच्या शेवटी येणाऱ्या मुद्रेलाही अंकितच म्हणतात, आणि पुरंदरदासांचे अंकित ‘पुरंदर विठ्ठल’ आहे, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. विधेयकाच्या संदर्भात त्याला मराठी शब्द ‘अनुमती’. राज्यपाल अनुमती देऊ शकतात, रोखू शकतात, फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. अनुमतीनंतर विधेयकाचा ‘अधिनियम’ होतो आणि तो राजपत्रात छापला जातो. (कन्नडमध्ये राज्यपत्र, एका ‘य’चा फरक, पण बेळगावच्या मराठी लेखनात हल्ली दोन्ही दिसतात.) कायदा हा शब्द मी तरी तिथपर्यंत राखून ठेवतो.

पृच्छाकर्त्याचा प्रतिसाद : आभारी आहे. मग ‘सुग्रीवाज्ञे’ या शब्दाचे काय? २०२४ च्या जानेवारीत दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे करणाऱ्या ‘सुग्रीवाज्ञे’ची बातमी आली तेव्हा खडेबाजारातले आमच्या ओळखीचे एक कापड दुकानदार ती हातात घेऊन आले होते. पेंटर शिडी लावून उभा होता आणि काकांचा प्रश्न एवढाच होता की, आज रंगवायचे की थांबायचे?

पहिले उत्तर देणारे : सुग्रीवाज्ञे म्हणजे अध्यादेश. किष्किंधा आपल्याच राज्यात, हंपीजवळ मानतात, म्हणून हा शब्द कन्नडला शोभतो. सुग्रीवाने सीतेच्या शोधासाठी वानरांना एका महिन्याची मुदत दिली होती आणि अध्यादेशालाही मुदत असते : विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा कायद्याने घेतली नाही, तर तो संपतो. मात्र काकांच्या हातातल्या बातमीत मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मान्यता दिल्याचे असणार. अध्यादेश ‘काढणे’ हे क्रियापद राज्यपालांचे आहे, मंत्रिमंडळाचे नाही. त्या वेळी राज्यपालांनी तो सही न करता परत पाठवला आणि विधिमंडळात आणण्यास सुचवले. फेब्रुवारीत कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक येऊन ते संमत झाले. म्हणजे काका आले त्या दिवशी अध्यादेश निघालेलाच नव्हता.

पृच्छाकर्ता : पेंटरला आम्ही त्या दिवशी चहा पाजून परत पाठवले होते. शब्द माहीत नव्हता, पण निर्णय बरोबर ठरला म्हणायचा.