पाझर तलावातला गाळ: किती खोल काढायचा?

कोरडवाहू: गावचा पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवण्यासाठीचा) एप्रिलमध्ये आटतो. बुडीत क्षेत्र साधारण १ हेक्टर. पोकलेन लावायचंय. खोली कशी ठरवायची? गाळ मुरमाड रानात चालेल का?

बांधबंदिस्ती: आधी चार-पाच ठिकाणी चर खणून गाळाची जाडी बघा. काळा थर संपून मुरूम लागला की थांबा. मूळ तळाखाली जाऊ नका. पाझर तलावात मुरूम उघडा पडला तर पाणी जिरतं, ते हवंच. साठवण तलावात मात्र तळाचा चिकणमातीचा थर फोडला की पाणी टिकत नाही. भरावाच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्याशी पोकलेनची बकेट नकोच. तिथे खणलं की भराव खचतो. किती अंतर सोडायचं ते शाखा अभियंत्याकडून फक्की (पांढरी पूड) मारून आखून घ्या.

हिशोब: १ हेक्टरवर सरासरी १ मीटर गाळ म्हणजे १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर जागा. ब्रासमध्ये (१ ब्रास = १०० घनफूट) सुमारे ३,५३०.

ढेकूळ: मुरमाड रानाला उत्तम. एकरी ३ इंच थराला साधारण १०९ ब्रास लागतात. ओला गाळ टाकू नका, ढेकळं दगडासारखी होतात. उन्हात तापू द्या, मग रोटाव्हेटर. आधीच भारी काळी जमीन असेल तर टाकूच नका, पाणी साचेल. माती परीक्षणात क्षारता बघा.

बांधबंदिस्ती: @कोरडवाहू ग्रामपंचायतीचा ठराव आधी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत वाळू उचलता येत नाही, फक्त गाळ.

कोरडवाहू: वरून परत गाळ येईलच ना?

ढेकूळ: येणारच. ओढ्यावर दगडी बांध घाला.