सेरामपूरचे मराठी पदवीधर: विखुरलेली नावे एकत्र कशी आणावीत?

प्रश्न: नगरचा_नातू

माझे आजोबा बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शिकले आणि १९५८ साली बी. डी. (धर्मशास्त्राचे पदवीधर) झाले, पदवीपत्रावर मात्र बंगालमधल्या सेरामपूरचे नाव आहे. आमच्या नगर जिल्ह्यातच श्रीरामपूर असल्यामुळे अर्धे नातेवाईक आजही ते शेजारच्या तालुक्यात शिकले असे समजतात, आणि आजोबांनीही हा गैरसमज कधी मनावर घेतला नाही. त्यांच्या ट्रंकेत पदवीपत्रासोबत वर्गाचा एक फोटो सापडला. त्यात बावीस जण असून मागे पेन्सिलीने आडनावांऐवजी गावे लिहिली आहेत: ‘सोलापूरचे’, ‘राहुरीचे’, ‘वडाळ्याचे धाकटे’. यांच्या कुटुंबांना शोधून सेरामपूरची पदवी घेतलेल्या मराठी माणसांची एक यादी करावी आणि जमल्यास त्यांच्या मुला-नातवंडांचे एक स्नेहसंमेलन भरवावे, असे मनात आहे. एका कार्यालयाला दोन पत्रे पाठवली, परंतु उत्तर आले नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: जुना_ग्रंथपाल

प्रथम ‘माजी विद्यार्थी’ कोणाला म्हणायचे ते ठरवा, कारण येथे नेहमीची व्याख्या लागू पडत नाही. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली सेरामपूर कॉलेज काढले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ साली गाव इंग्रजांकडे गेले तरी सनद टिकली, धर्मशास्त्राच्या बी. डी. पदव्या मात्र १९१५ पासून दिल्या जाऊ लागल्या. पुढे देशभरातील धर्मशास्त्राची विद्यालये तेथील सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न झाली. त्यामुळे तुमच्या आजोबांसारखे शेकडो लोक सेरामपूरचे पदवीधर आहेत, पण हुगळीचा काठ त्यांनी पाहिलेलाही नाही. उलट, त्याच आवारात कला, विज्ञान आणि वाणिज्य शिकणाऱ्यांना कलकत्ता विद्यापीठाची पदवी मिळते. तेव्हा सेरामपूर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची एखादी यादी हाती लागलीच, तर तीत आजोबांचे नाव नसेल; म्हणून हिरमुसू नका.

माझा सल्ला असा की सेरामपूरला लिहिण्याआधी, आजोबा ज्या विद्यालयात प्रत्यक्ष राहिले, जेवले आणि शिकले त्याला पत्र लिहा. बंगळूरच्या त्या विद्यालयात मोठा अभिलेख-संग्रह आहे. विचारताना वर्ष, आजोबांना पाठवणाऱ्या मिशनचे नाव आणि इंग्रजी आद्याक्षरे द्या. कारण जुन्या नोंदींत आपली माणसे बहुधा आद्याक्षरांनीच भेटतात.

थोडे विषयांतर करतो. मराठी माणसाचे सेरामपूरशी नाते या पदव्यांहून जुने आहे. कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले आणि मराठी कोश १८१० साली मोडी लिपीत छापला गेला. या कामी वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. तुमच्या यादीच्या प्रस्तावनेत त्यांचे नाव अवश्य घ्या. ते विद्यार्थी नव्हते, कॅरींना साहाय्य करणारे पंडित होते, एवढेच.

उत्तर: पाळकांची_लेक

ग्रंथपालांचे म्हणणे योग्य आहे, पण केवळ पदवीच्या कागदावरून यादी केली तर निम्मी माणसे सुटतील. माझी आई वडिलांबरोबर विद्यालयाच्या आवारातील विवाहितांच्या खोल्यांत राहिली, तेथील स्त्रियांच्या वर्गांना बसली आणि पुढे तीस वर्षे मंडळीतील (म्हणजे गावच्या चर्चमधील) बायकांची सभा व रविवारची शाळा तिनेच सांभाळली. तिच्या नावावर कोणतीही पदवी नाही. शिवाय घरी अभ्यास करून सेरामपूरच्या परीक्षा देणारे बाह्य विद्यार्थीही आहेत. त्यांतले कित्येक शिक्षक किंवा कारकून होते, पाळक म्हणजे चर्चचे धर्मोपदेशक नव्हते.

गावांची नावे हाती आहेत हे तर तुमचे भाग्यच. ‘वडाळ्याचे धाकटे’ म्हटल्यावर वडाळ्याच्या मंडळीत एखादी ऐंशी वर्षांची बाई थोरल्याचे नावही सांगेल. मंडळीच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या पाहा, पण नोंदवही आज कोठे आहे याची आधी चौकशी करा. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्यात आल्या. प्रत्येक बदलात कपाटे हलली. दुसरे साधन ‘ज्ञानोदय’. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ अशा बातम्या चाळा. एका परिच्छेदात शिक्षण, बदल्या, मुले-जावई सगळे सापडते. आणि दफनभूमीत जा. आमच्या बाबांच्या दगडावर वचनाखाली ‘बी. डी. (सेरामपूर)’ कोरले आहे. कोरणाऱ्याने ‘श्रीरामपूर’ केले होते, ते आईने पुन्हा घासून घ्यायला लावले.

उत्तर: पुण्याहून

दोन व्यावहारिक गोष्टी सुचवतो. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशास्त्राचे विद्यालय १९८३ साली यवतमाळहून पुण्यास आले, म्हणून विदर्भातील जुने विद्यार्थी स्वतःला ‘यवतमाळचे’ म्हणवतात आणि त्याच संस्थेचे नवे विद्यार्थी ‘पुण्याचे’. जबलपूरच्या लेनर्ड या धर्मशास्त्राच्या कॉलेजात गेलेले पुन्हा वेगळे. यादीत गाव, विद्यालय आणि पदवी देणारी संस्था यांचे तीन स्वतंत्र रकाने ठेवा, नाहीतर एकच माणूस तीनदा मोजला जाईल.

दुसरे असे की हयात व्यक्तींचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसतील असे ठेवू नका. आमच्या तुकडीने तसे केले आणि महिन्याभरात देणग्या मागणारे अनोळखी फोन म्हाताऱ्या पाळकांना येऊ लागले. यादी एकाच व्यक्तीकडे ठेवावी, आणि कोणी विचारल्यास तिने संबंधितांची संमती घेऊन मगच गाठ घालून द्यावी.

प्रश्नकर्ता: नगरचा_नातू

सर्वांचे आभार. बंगळूरला पत्र आजच टाकले. पाळकांच्या लेकीने स्त्रियांविषयी लिहिले ते वाचून फोटो पुन्हा निरखून पाहिला. बावीस पुरुष मोजले होते. मागच्या व्हरांड्याच्या खांबाआड तीन बायका उभ्या आहेत आणि त्यांतली कडेवर मूल घेतलेली माझी आजी आहे. ते मूल म्हणजे माझे वडील. येत्या रविवारी त्यांनाच बरोबर घेऊन वडाळ्याच्या उपासनेला जाणार आहे.