कान्नोन-दो : विहार, मंदिर की आणखी काही?

ओवी : दिवाळी अंकासाठी जपानमधल्या ओत्सूच्या मिइदेरा या बौद्ध मठावर लेख लिहिलाय. ओत्सू हे बिवा सरोवराकाठचं शहर. दगडी पायऱ्या चढून टेकडीवर गेलं की १६८९ साली पुन्हा बांधलेलं कान्नोन-दो लागतं (कान्नोन हा बोधिसत्त्व, ‘दो’ म्हणजे पूजेची वास्तू), कान्नोनच्या साइगोकु यात्रेतल्या ३३ ठिकाणांपैकी १४वं. मी गेले तेव्हा चिटपाखरू नव्हतं. यात्रेकरूंच्या वहीत शाईने लिहून लाल शिक्का मारणारे आजोबा तेवढे डुलक्या काढत होते. ‘दो’ला मी ‘विहार’ लिहिलं. संपादकांनी सरसकट ‘मंदिर’ केलं; विहार म्हटलं की लोकांना नौकाविहार आठवतो म्हणे! कोण बरोबर?

जुनापुराणा : दोघंही चूक. विहार म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण. नाशिकचं ३ नंबरचं लेणं बघा, मध्ये दालन आणि तिन्ही बाजूंना खोल्या. तुमच्या दोमध्ये कुणी राहतं का? सरळ चैत्यगृह लिहा, म्हणजे पूजेचं दालन.

ओवी : चैत्यगृहात स्तूप नको का? इथे न्योइरिन या रूपातल्या कान्नोनची मूर्ती आहे, तीही बंद देव्हाऱ्यात.

वस्तीकर : पुराणाकाका, आमच्या विहारातही कुणी राहत नाही. रविवारी वंदना, वर्षावासात ग्रंथवाचन, परीक्षा आल्या की पोरांची अभ्यासिका. १९५६ नंतर गावोगावी विहार झाले, त्या सगळ्यांच्या पाट्या उतरवायच्या का?

जुनापुराणा : पाट्या राहू द्या हो. पण रूढ झालं म्हणून चुकीचं बरोबर होत नाही.

वस्तीकर : रूढ होणं म्हणजेच बरोबर होणं. ‘राऊळ’ राजकुलावरून आलं, म्हणून विठ्ठलाच्या राउळात राजा शोधता का?

सांगलीकर : आमच्या जैनांत महाराजांनी विहार केला म्हणजे ते पायी पुढच्या गावाला निघाले. तुमचं राहायचं ठिकाण, आमचं निघायचं. 😀

गवंडीकाम : जरा इमारतीकडे बघूया. या दोचे तीन भाग आहेत : पुढे भक्तांचं दालन, मागे मूर्तीचं आणि दोन्ही जोडणारा मधला भाग. आपलं सभामंडप, अंतराळ, गाभारा. मग ‘मंदिर’ला नाक का मुरडायचं? (‘अंतराळ’ मात्र लिहू नका ओवीताई, वाचक रॉकेट शोधतील.)

वस्तीकर : मंदिर म्हटलं की अभिषेक आणि नारळ आला. बौद्ध जागेला बौद्ध शब्द असताना उसना कशाला?

चिंचवडची : न्योइरिन म्हणजे संस्कृतातलं चिंतामणिचक्र ना? म्हणजे आपला थेऊरचा चिंतामणी!

गवंडीकाम : रत्नाचं नाव तेवढं एक. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आपल्याकडे बघायचा तर कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा आहे. न्योइरिन बहुधा सहा हातांचा दाखवतात, एक हात गालाला टेकवून विचारात बसलेला.

चिंचवडची : चिंतामणीच चिंतेत!

भटक्या : मिइदेरातलं ‘देरा’ म्हणजे आपला डेरा असणार, पैज लावतो. यात्रेकरू डेरा टाकतात ना.

जुनापुराणा : पैज हरलात. मूळ शब्द ‘तेरा’, म्हणजे बौद्ध मठ-मंदिर. जोडशब्दात ‘त’चा ‘द’ होतो. ‘तेरा’ कोरियन शब्दावरून आला असं काही जण मानतात, काही जण पालीतल्या ‘थेर’वरून. थेर म्हणजे स्थविर, ज्येष्ठ भिक्खू. आपल्या लेण्यांच्या शिलालेखांतही थेर भेटतात.

भटक्या : म्हणजे आजी ‘नसती थेरं करू नकोस’ म्हणायची ते भिक्खूंवरून?

जुनापुराणा : थेरं वेगळं असावं. ‘थेरडा’ मात्र स्थविरावरूनच. आदरणीय भदंतापासून थेट शिवीपर्यंत घसरण!

चिंचवडची : थेरडा शिवी कुठे? माझी सासू सासऱ्यांना लाडाने म्हणते.

वस्तीकर : सासऱ्यांना विचारलंत का?

ओवी : अहो, माझं दो राहिलं की! शुक्रवारी अंक छापायला जातोय.

सांगलीकर : थांबा हो ताई, आधी ‘थेरं’चं एकवचन काय ते ठरू दे.