मदत हवी आहे: तंबू तलावाकाठी की नदीकाठी? (आज रात्रीच ठरवायचंय)

ओली_सतरंजी: दोन उद्यानांत जागा धरून ठेवल्यात, एक तलावाकाठी, एक नदीकाठी. नदीवाली आज रात्री १२ पर्यंत रद्द केली तरच पैसे परत. दोन रात्री मुक्काम, पोहणं, थोडी पायपीट. फोटोत दोन्ही छान दिसतात. कोणती ठेवू? "दोन्हीकडे जाऊन या" म्हणू नका, प्लीज.

कडेकपारी: किती जण? मुलं आहेत का? पोहता कोणाला येतं?

ओली_सतरंजी: आम्ही दोघं, दीर-जाऊ, तीन मुलं. पोहता सगळ्यांना येतं.

कडेकपारी: मुलांची वयं? आणि पोहता येतं म्हणजे तरणतलावात ना?

ओली_सतरंजी: ६, ९, १४. हो, तरणतलावातच. पाणी ते पाणीच ना?

थेंबेथेंबे: नाही हो! प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यातही मोठा माणूस आडवा होतो. मग तो लगेच उभा राहायला जातो, पाय दगडांच्या खाचेत अडकतो आणि मागून पाणी दाबत राहतं. पडलंच कोणी, तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, तसंच काठाकडे सरकायचं. पात्रात आडवं झाड दिसलं तर लांबच राहा. फांद्यांमधून पाणी गाळून जातं, माणूस नाही. सहा वर्षांचं मूल आहे, तलाव घ्या.

रानवाट_७: असहमत. तलाव शांत दिसतो म्हणूनच लोक बेसावध असतात. खोल तलावात वरचं पाणी उन्हाने कोमट आणि खाली पाय सोडला की बर्फ. सूर मारला तर गारठ्याने दचकून श्वास आत ओढला जातो, तोही पाण्याखाली. मी २० वर्षं नदीकाठी तंबू ठोकतोय, काही झालेलं नाही.

संशयात्मा: याला अनुभव नाही, नशीब म्हणतात.

रानवाट_७: आलात का! वाटच बघत होतो.

झुलता_पूल: मुळात तंबू कशाला? दोन झाडांत झोळी बांधा. ओल नाही, किडे नाहीत.

ओली_सतरंजी: सात जणांना चौदा झाडं कुठून आणू? तंबूवरून आठवलं, मागच्या वेळी आमचा तंबू गळला. वॉटरप्रूफ म्हणून घेतला होता. सकाळी सगळ्यांच्या उशा ओल्या.

झुलता_पूल: गोलात बांधल्या तर सात झाडं पुरतात.

थेंबेथेंबे: पाऊस होता?

ओली_सतरंजी: नाही.

थेंबेथेंबे: मग गळला नाही, घामेजला. अगदी काठाला, सखल जागी लावला असणार, वर सगळ्या चेनी बंद. थंड हवा जड, ती रात्री खोलगटात साचते. तुमच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून थेंब होतात. काठापासून ६० मीटर तरी लांब, जरा उंचावर लावा आणि वरची खिडकी उघडी ठेवा.

टिपणारा: फोटोत पाण्यावरची चकाकी घालवायला कॅमेऱ्याचा पोलरायझर फिल्टर विसरू नका.

कडेकपारी: नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे का? हे कोणी विचारलंच नाही.

ओली_सतरंजी: ते मला काय माहीत! एका फोटोत भोंग्याचं चित्र असलेली पिवळी पाटी आहे. गाणी लावायला बंदी असेल.

कडेकपारी: अहो, गाणी कसली! पाणी सोडायच्या आधी वाजतो तो भोंगा असणार. वर आभाळ निरभ्र असतं आणि मिनिटांत पात्र भरतं. मुलं पात्रातल्या खडकावर बसलेली असली तर परतीची वाटच पाण्याखाली जाते. आधी रद्द करा, मग बोलू.

रानवाट_७: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना. माझं मत मागे. (तरी नदी ती नदी.) पायपिटीचं म्हणाल तर गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा हिशेब: ताशी ५ किमी, शिवाय ६०० मीटर चढाला एक तास जास्त. सहा वर्षांचं मूल आहे, दुप्पट धरा.

ओली_सतरंजी: नदी रद्द केली. आता तलावाचे फोटो मोठे करून बघतेय. काठाला हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसतोय. शेवाळच ना? पाणी उकळून प्यायचंय.

संशयात्मा: उकळलं की सगळं मरतं.

थेंबेथेंबे: मरतं, विष राहतं. हे सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) असू शकतात आणि त्यांचं विष उकळून जात नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं. प्यायचं पाणी नळाचंच घ्या. थरात काठी घालून बघा. हिरवे धागे लोंबले तर बहुधा साधं शेवाळ, काठी रंगात बुडवल्यासारखी बरबटली तर कोणीच पाण्यात उतरू नका. आणि वाऱ्याने थर हलतो, आजचा स्वच्छ काठ उद्या हिरवा. फोटो कधीचा आहे?

ओली_सतरंजी: तारीख नाही. सकाळी उद्यानात फोन करते. ही जागा उद्या संध्याकाळपर्यंत सोडता येते, हे सांगायचं राहिलंच.

झुलता_पूल: मग झोळीचं काय ठरलं?