भंडारदरा जलाशयाची पायी प्रदक्षिणा: मुसळधार पावसात गटाला न्यावे का?

शिवारवाट (प्रश्न)

आमच्या ठाण्याच्या पदभ्रमण गटाचा, म्हणजे वीस-पंचवीस जणांचा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भंडारदरा जलाशयाभोवती चालण्याचा बेत आहे. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या मार्गाने शेंडीला परतायचे, असे ठरले आहे. सगळी चाल रस्त्याची असली तरी ती चाळीस किलोमीटरांहून अधिक आहे. गटातील काही सदस्यांनी साठी ओलांडली आहे. त्यांना चालण्याची सवय आहे, पण दिवसभर भिजत चालण्याची नाही. जिल्ह्यासाठी सध्या पिवळा इशारा दिसतो. तेवढ्यावर विसंबून निघावे का, आणि निघालोच तर परत फिरण्याचा निर्णय कोणी व केव्हा घ्यावा, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

घाटमाथा

आपण जिल्ह्याचा इशारा पाहत आहात, तिथेच खरी अडचण आहे. भंडारदरा अहिल्यानगर जिल्ह्यात येते आणि या जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत आहे; नगर शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा घाटघरला जुलैमधल्या काही दिवसांतच पडून जातो. जलाशयाचे पश्चिम टोक थेट कोकणकड्यावर आहे, शेजारी ठाण्याचा शहापूर तालुका आणि उत्तरेला नाशिकचा इगतपुरी तालुका. म्हणून हवामान विभागाचा नाशिकच्या घाटक्षेत्राचा आणि ठाण्याचा अंदाज पाहावा. नारिंगी इशाऱ्याच्या वेळी साधारणपणे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, म्हणजे 'अति मुसळधार' पाऊस अपेक्षित असतो. त्या दोन अंदाजांपैकी एकही नारिंगी असेल, तर प्रदक्षिणा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी शेंडीपासून मुरशेतपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत यावे. पाणी, डोंगर आणि ढग तिथूनही मनसोक्त दिसतात.

ओढाकाठ

मी अकोले तालुक्यातलाच आहे, त्यामुळे रस्त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. शेंडी ते घाटघर या बाजूला वाटेत गावे लागतात, आडोसा मिळतो आणि गाडी बोलावता येते. कस लागतो तो साम्रद ते रतनवाडी या टप्प्यात. रतनगडाच्या बाजूचे ओहोळ इथे रस्ता ओलांडून जलाशयात उतरतात. उतार खडा आणि खाली कातळ असल्यामुळे पाणी मुरत नाही. वर जोराची सर आली की थोड्याच वेळात मोरीवरून गढूळ लोंढा वाहू लागतो. असे पाणी गुडघ्याखाली असले तरी ओलांडू नये, कारण खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे ते दिसत नाही. दोर लावून किंवा हातात हात घालून साखळी करण्याचा उत्साहही नको. एकाचा पाय सुटला की शेजारचेही ओढले जातात. सर ओसरली की हे ओढे पुष्कळदा तितक्याच लवकर उतरतात. तोपर्यंत थांबण्याइतका वेळ हाती असावा, म्हणून घाटघरहून उजाडताच निघावे.

आणखी एक सांगतो. १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, म्हणजे भंडारदरा जलाशयाचेच धरण, ऑगस्टमध्ये भरत आलेले असते आणि त्यातून खाली प्रवरा नदीत सोडला जाणारा विसर्ग अचानक वाढू शकतो. शेवटी सगळे दमलेले असताना 'जरा नदीच्या पात्रात उतरून फोटो काढू' असे कोणी म्हटले, तर त्याला ठामपणे अडवा.

आरोग्यवाट

मी डॉक्टर आहे आणि ज्येष्ठांच्या गटांबरोबर नेहमी चालते. आपल्याकडच्या पावसात थंडीने माणूस आजारी पडेल हे लोकांना पटत नाही, परंतु घाटघरच्या वाऱ्यात ओल्या सुती कपड्यांनिशी दोन तास चालल्यावर शरीराचे तापमान खरोखरच उतरते. सतत कुडकुडणे, बोलताना शब्द अडखळणे, विनाकारण चिडचिड होणे किंवा माणूस एकाएकी गप्प होऊन मागे पडणे, ही लक्षणे दिसताच त्याला आडोशाला नेऊन कोरडे कपडे घालावेत आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा द्यावा. लहान प्लॅस्टिक पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड प्रत्येकाकडे असावा. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. मधुमेह असलेल्यांनी पायांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दिवसभर ओल्या राहिलेल्या मोज्यांमुळे पडलेला फोड त्यांना जाणवतही नाही.

शिवारवाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आम्ही आता असे ठरवत आहोत की नाशिक घाट आणि ठाणे यांचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहायचा आणि त्यांपैकी एक जरी नारिंगी असला तरी मुरशेतपर्यंतच जायचे. दुसऱ्या दिवशी साम्रदला पुन्हा निर्णय घ्यायचा आणि तो गटप्रमुख व सर्वांत मागे चालणारा सदस्य या दोघांचा असेल. त्यांपैकी एकाने नको म्हटले की परतायचे. सोबतची गाडी साम्रदपर्यंत आमच्या मागे ठेवून नंतर शेंडीमार्गे रतनवाडीला पाठवावी, असा विचार आहे. हे योग्य होईल का?

ओढाकाठ

गाडी साम्रदहून हलवू नका. मधली मोरी भरली, तर आपल्याला मागेच फिरावे लागेल आणि गाडी तेव्हा जलाशयाच्या पलीकडच्या काठावर असेल. त्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे तिला बोलावताही येणार नाही. रतनवाडीसाठी शेंडीहून दुसरी जीप आधीच ठरवून ठेवा आणि गट किती वाजेपर्यंत पोहोचला नाही तर चौकशी सुरू करायची, ती वेळ दोन्ही चालकांना सांगून ठेवा.